मोजलेलं पाणी

"आधी काठी, मग माथा."

तुडीलचे कोंडाजी हे इतक्यांदा बोलत, की पोरं ते त्यांच्या आधीच पुरं करत. पावसाळा सरला, सावित्री नदी निवळली, की कोंडाजी वेळूची लांब काठी घेऊन डोहात उतरत. पूर दर साली तळ हलवतो. काठीने डोह चाचपून ते काठच्या खडकावर उभे राहिले, की गाव समजे, पाणी मोजून झालं. मगच पोरं सूर मारत.

साठी उलटल्यावर ते पोलादपूरच्या वाटेवरल्या एका रिसॉर्टवर राखणीला लागले. तिथे पोहायचा तलाव होता. निळी फरशी, तळ आरशागत स्वच्छ. कोंडाजींनी पहिल्याच आठवड्यात काठी घातली. पाणी कुठेच छातीच्या वर नव्हतं. कडेला खोली लिहा, असं त्यांनी मालकाला, शौनकशेठना, दोनदा सांगितलं. फरशी खराब दिसेल, असं शेठ हसून म्हणाले.

मार्चातल्या एका रविवारी हर्षद मित्रांबरोबर तिथे आला. तुडीलचाच, चोविशीचा, टेम्पो चालवणारा. त्याला पोहायला कोंडाजींनीच शिकवलेलं. त्या वेळी कोंडाजी लांब दांडीच्या जाळीने पाण्यावरची पानं काढत होते. हर्षदने पाहिलं, कोंडाजी आबा काठावर उभे, हातात दांडी. म्हणजे पाणी मोजलेलं आहे. कोंडाजींनी तोंड उघडेपर्यंत त्याचे पाय कडेवरून सुटले होते.

तो पालथाच वर आला. कोंडाजींनी उडी घातली आणि नदीकाठी बुडालेल्याला करतात तेच केलं. पोटातलं पाणी निघावं म्हणून त्याला खांद्यावर पालथा टाकून धावले. मान लोंबत होती.

डॉक्टरांनी सांगितलं, मानेतला मज्जारज्जू चिरडलाय, छातीखाली आता काही हलणार नाही. मग विचारलं, पाण्यातून कसा काढला? फळीवर, मान न हलवता काढायचा असतो. रिसॉर्टवर तशी फळी नव्हती, आणि तसं कुणी कोंडाजींना शिकवलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी फलक आणवला : सूर मारू नये, खोली चार फूट. खिळे कोंडाजींनीच ठोकले. हर्षदच्या घरच्यांनी दावा लावला, तेव्हा शेठनी कोर्टात लिहून दिलं की फलक आधीपासून होता. मित्रांना फलक दिसलाच नसेल, असं म्हणता येत होतं; खरं सांगू शकणारा एकच माणूस उरला.

शेठ स्वतः तुडीलला आले, चहा घेतला, आणि गोड आवाजात म्हणाले, "कोंडाजी, फलकाचं बोललात तर खांद्याचंही निघेल. मान तुम्हीच मोडलीत असं ठरेल."

त्या दिवसापासून कोंडाजींना बसवेना. ताटावरून उठत. अंगणात येरझारा घालत. कधी काठी विहिरीत घालत, कधी परसातल्या टाकीत. बयाबाई, त्यांची बायको, एकदा म्हणालीच, "अवो, आता माझा हंडा तेवढा राह्यलाय मोजायचा." ते हसले नाहीत. पोराची मान तळाने मोडली की आपल्या खांद्याने, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं, आणि हा तळ काठीला लागत नव्हता.

साक्षीच्या दिवशी सकाळी ते काठी घेऊन हर्षदच्या घरी गेले. बयाबाई मागोमाग. हर्षद खिडकीशी खाटेवर होता.

"फलक मी दुसऱ्या दिवशी ठोकला, ता सांगणार हाय," कोंडाजी म्हणाले. "आनि तुला खांद्यावर टाकला, ता पन सांगणार. शेठचं शेठच्या पदरात, माझं माझ्या."

हर्षद छताकडे बघत म्हणाला, "आबा, पायातला जीव पाण्यातच गेला होता. आपटलो तवाच कळला मला."

हे खरं की आपल्यासाठी बोललेलं, कोंडाजींना कळेना. त्यांनी विचारलंही नाही.

"काठी ठेव हितंच," हर्षद म्हणाला. "जज्जसायबाची खोली मोजशील."

कोंडाजींनी काठी खाटेला टेकवली आणि कोर्टासाठी महाडची एसटी गाठायला निघाले. हर्षदची मान फार वळत नव्हती. ते खिडकीच्या चौकटीतून चार पावलांत पुढे गेले. मग बयाबाई दारात उभी राहून त्याला सांगू लागली.

"पाराशी पोचले... थांबले... नाय, वहाण नीट केली. चालले."

"मागं बघितला काय गो, काकी?"

"नाय," ती म्हणाली, आणि ते वळणाआड होईतो तशीच उभी राहिली.