टोफूचा बॉयलर आणि शेजारची गाय

बॉयलर पेटलेला होता, प्रेशरचा काटा साडेआठवर होता आणि सरकारी इन्स्पेक्टर खुर्ची टाकून बसले होते. दहा वाजता सेफ्टी व्हॉल्व्ह उडवायचा होता. तेवढ्यात कुंपणापलीकडचे गाईवाले मियाता-सान फाटकात आले आणि टोपी काढून कमरेत वाकले. ‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’.

“माझ्यामुळे आपली मोठी गैरसोय होते आहे,” ते म्हणाले. “गाई लांबच्या गोठ्यात हलवत होतो. शेवटची निघता निघता अडली. पुढच्या आठवड्यात व्यायची होती. पहिलारू आहे.”

त्यांच्यामुळे गैरसोय! आवाज करणार होतो आम्ही.

मी पुण्याचा बॉयलर इंजिनिअर. उत्तर जपानातल्या एका लहान गावात टोफूचा कारखाना आहे. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. तिथे आमच्या कंपनीचा, लाकडाच्या चिप्सवर चालणारा बॉयलर बसवायला मी गेलो होतो. चार महिने न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत राहिलो. गावात परदेशी मी एकटाच. चुकीच्या वारी कचरा बाहेर ठेवला की समोरच्या आजी पिशवी परत आणून देत आणि वर त्याच माफी मागत.

सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे कुकरच्या सेफ्टी प्लगचा थोरला भाऊ. प्रेशर हाताबाहेर गेलं की तो आपोआप उघडतो आणि वाफ सोडतो. आमचा दहा किलो प्रेशरला उघडणार होता. तो खरंच उघडतो हे इन्स्पेक्टरना दाखवल्याशिवाय सर्टिफिकेट नाही. आवाज असा, की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही.

म्हणून आठवडाभर आधी कारखान्याचे मॅनेजर ओकाबे-सान मला घेऊन आसपासच्या तेवीस घरांत गेले होते. प्रत्येक घरी कागदात गुंडाळलेला एक टॉवेल आणि एकच निरोप: गुरुवारी दहाला आवाज होईल, माफ करा.

“आपण ठरल्याप्रमाणे करा,” मियाता-सान म्हणाले. “मी तिच्याजवळ बसतो. दचकून उठली तर वासरू जाईल. पण आपण आधी सांगितलं होतं.”

“थांबतो,” ओकाबे-सान म्हणाले.

एवढंच. जुना बॉयलर आम्ही काढून टाकला होता. इन्स्पेक्टरांची पुढची तारीख महिन्याने मिळणार होती. तोवर टोफू बंद. ओकाबे-सान इन्स्पेक्टरांकडे वळून वाकले. इन्स्पेक्टरनी घड्याळ पाहिलं.

“माझी शेवटची गाडी साडेपाचला. तोपर्यंत मी आहे.”

आता प्रश्न माझा होता. गॅस बंद करता येतो, लाकूड नाही. भट्टीत पडलेल्या चिप्स जळत राहतात आणि प्रेशर चढत राहतं. काटा दहावर गेला की व्हॉल्व्ह कुणाला विचारत नाही. वाफ बाहेर सोडावी तर त्याचाही आवाज. मी चिप्स बंद केल्या, हवेचा पंखा बंद केला, बॉयलरमध्ये थंड पाणी घेतलं. काटा नऊ, सव्वानऊ, साडेनऊ. शेवटी वाफेची लाइन गरम पाण्याच्या टाकीकडे वळवली आणि वाफ थोडी थोडी पाण्यात जिरवली. काटा थबकला. मग उतरू लागला. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

जेवणाच्या सुमारास पुण्याहून साहेबांचा फोन आला.

“बोराडे, झाली टेस्ट?”

“नाही साहेब. गाय अडली आहे.”

“कोणाची?”

“शेजाऱ्यांची.”

“अहो, गोमाता आपली! ते लोक कधीपासून थांबायला लागले?”

“ते थांबलेत. आपल्याकडे कोण थांबतं, ते आल्यावर शोधतो.”

साहेबांनी फोन ठेवला.

तीनच्या सुमारास मियाता-सान आले. बाह्या कोपरापर्यंत ओल्या. “कालवड आहे. उभी राहिली.” पुन्हा वाकले. “दोघींना आता गाडीत घालून हलवतो. मग आपण खुशाल करा.”

मी पुन्हा चिप्स सोडल्या. प्रेशर चढत असताना खिडकीतून पाहिलं, तर ओकाबे-सान घरोघर फिरत होते. उशीर होईल हे सांगायला ते सकाळी गेलेच होते. आता आवाज होणार, हे सांगायला निघाले होते. आधीची फेरी धरून तेवीस गुणिले तीन, म्हणजे एकोणसत्तर दारं. एका आवाजासाठी.

व्हॉल्व्ह बरोबर दहा किलोला उडाला. काचा थरथरल्या. इन्स्पेक्टरनी काटा पाहिला, सही केली आणि त्यांना त्यांची गाडी मिळाली. दुसऱ्या दिवशी टोफू निघाला. पहिली वडी मियाता-सानकडे गेली.

पुण्याला परतल्यावर कात्रजच्या पुढे एका कारखान्यात अशीच टेस्ट होती. आदल्या संध्याकाळी मी शेजारच्या सोसायटीत गेलो. पहिलं दार चार बोटं उघडलं.

“वर्गणी देऊन झाली आहे.”

“वर्गणी नको. उद्या अकराला मोठा आवाज होईल, तेवढं सांगायला आलो.”

गृहस्थांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. “सांगायला? कुठल्या मंडळाचे आपण?”

मी कार्ड दाखवलं. मग त्यांनी दार पूर्ण उघडलं. “उद्या नको हो. नातीची परीक्षा आहे. परवा करा.”

टेस्ट परवा केली. सांगायला गेलं की थांबावं लागतं. आपल्याकडे न सांगण्याची पद्धत बहुधा त्यामुळेच पडली असावी.