बाबांच्या खिशातली गोड डबी

गेल्या रविवारी मी बाबांना मोहाडीकडे घेऊन गेले होते… खरं तर बळेच नेलं होतं.

बाबा आता आमच्याकडे भंडाऱ्याला असतात. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मोहाडीत हातमागावर कोशाच्या रेशमी साड्या विणल्या. मग शुगर निघाली, आणि घरातल्या साखरेच्या जागी एक इवलीशी प्लास्टिकची डबी आली. खटका दाबला की टिकलीएवढी गोळी चहात पडते…

सुरुवातीला मी त्या गोळ्या खिरीत घालून चांगल्या उकळल्या होत्या. गोडवा कुठे गेला, कळलंच नाही! मग डबीवरचं बारीक अक्षर वाचलं, तेव्हा समजलं की ही गोळी शिजवायची नाही, खाली उतरवल्यावर टाकायची.

बाबांना तिची सवय झाली. शर्टाच्या खिशात डबी असतेच. पण हळूहळू लक्षात आलं, दर आठवड्याच्या बाजाराला ते देवाजीकाकांकडे जायचे, ते आता टाळताहेत.

देवाजीकाका म्हणजे बाबांचे जिवलग. मोहाडीबाहेर बोडीच्या, म्हणजे लहानशा तळ्याच्या, काठाला त्यांचं घर, मागे धानाची शेती. संध्याकाळी माग बंद झाला की बाबा सायकल काढायचे आणि मी कॅरियरवर. काकू चहात इतकी साखर घालायच्या की ती तळाशी विरघळायचीच नाही… कप रिकामा झाला की मी बोटाने चाटून खायची. बाबा आणि काका बशीतून फुर्रकन चहा ओढत, पाणीपावसाच्या गप्पा मारत अंधार पडेपर्यंत बसायचे. काकू आता नाहीत.

"बाबा, काकांना सांगून टाका ना सरळ," मी म्हटलं. तर म्हणाले, "त्याच्या घरी बसून खिशातून गोळी काढू? एवढ्या वर्षांचा चहा आहे तो, पोरी. त्याले काय वाटन?"

म्हणून मग जाणंच बंद. आणि मला ते बघवेना.

आम्ही पोचलो तेव्हा काका अंगणात खाटेवर बसले होते. बाबांना पाहून उठायला गेले आणि अर्ध्यातच थांबले… गुडघे दुखतात आता. "काहून बे, रस्ता भुलला होता का? बाजाराच्या दिवशी वाट पाहून पाहून थकलो ना मी!"

बाबा नुसते शेजारी जाऊन बसले.

सूनबाईंनी चहा आणला. बाबांचा हात खिशाकडे गेला… आणि तसाच खाली आला. त्यांनी कप उचलला, बशीत चहा ओतला. मला कळलं, मित्राचं मन राखायला ते साखरेचा चहा पिणार. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात काकाच म्हणाले,

"पे ना बिनधास्त. साखर नाही त्याच्यात."

बाबांनी बशीतून एक घोट घेऊन पाहिला.

"तुयी पोरगी सूनबाईले बाजारात भेटली होती, तिनं सांगतलं तुया शुगरचं. तवाच पोराले भंडाऱ्याहून गोळ्या आणाले लावल्या. तुयासाठी आणल्या अन् तूच येऊन नाही राहिला!"

मी सूनबाईंना सांगितलेलं माझ्या ध्यानातही नव्हतं… त्यांनी आतून डबी आणून दाखवली. सील आजच फोडलं होतं.

बाबांनी काकांच्या कपाकडे बोट दाखवलं. "अन् तुया चहात?"

"तेच. तू एकटाच कायले पेशील?" काकांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मांगून कडू लागते बे हे!"

बाबा हसले. इतके हसले की बशीतला चहा धोतरावर सांडला. काकाही हसत होते. मग दोघांचेही डोळे पाणावले आणि दोघंही बोडीकडे बघत बसले…

परतीच्या रस्त्यावर बाबा बोलतच होते. देवाजीकाकांच्या लग्नाची बैलबंडी चिखलात कशी रुतली, नवरदेवानेच उतरून चाकाला खांदा कसा लावला… मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. गाडी मुद्दाम हळू चालवली.

काका फेसबुकवर नाहीत, पण सूनबाई आहेत. वहिनी, एवढं त्यांना वाचून दाखवा… आणि सांगा, पुढच्या बाजाराला बाबा येताहेत.