यशूचं ते एक वर्ष

निखिलचा फोन सकाळी आला तेव्हा मी शाळेत निघायच्या तयारीत होते. निखिल माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा, यशूचा भाऊ. "मावशी, यशू गेली," एवढंच बोलला आणि फोन ठेवला. कारंज्याहून वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेला, ताईच्या घरी पोचेपर्यंत दारात खुर्च्या मांडून झाल्या होत्या, बायका ताईला धरून बसल्या होत्या. मी तिच्याजवळ टेकते न टेकते तोच मागून एक आवाज आला, "ते एक वर्ष वाया नसतं घालवलं, तं डिग्री तरी हातात आली असती पोरीच्या." यशोधरा, आमची यशू, पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. मागे वळून त्या बाईला विचारावंसं वाटलं, की डिग्री घेऊन मेली असती तर तुमच्या घशाखाली चहा सुखानं उतरला असता का... ताईकडे पाहून गप्प बसले. पण नंतर तिच्यासाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही तेच वाक्य आणखी दोघातिघांच्या तोंडून ऐकलं, तेव्हा ठरवलं की हे लिहायचंच. रागानं लिहितेय, हे आधीच सांगून टाकते.

यशूला जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. आईच्या रक्तात थोडा, बापाच्या रक्तात थोडा. दोघांनाही कधी काही त्रास झाला नाही आणि लेकीच्या वाट्याला तो पुरा आला. थंडी वाजली, दगदग झाली, पाणी कमी प्यालं की तिची हाडं ठणकायची. लहानपणी ती दुखणं आलं की उशीत तोंड खुपसून पडायची, मोठी झाल्यावर दात आवळून गप्प राहायला शिकली. अभ्यासात मात्र हुशार. बारावीला चांगले गुण पडले आणि घरातल्यांनी तिला डॉक्टर करून टाकलं. तिनं सांगितलं, मला समाजकार्याला जायचंय, तेही पुढच्या वर्षी. त्याआधी एक वर्ष मला कारंज्याला मावशीकडे राहायचंय.

वर्ध्यात बारावीनंतर कुणी वर्षभर कॉलेजात दिसलं नाही, तर त्याचा अर्थ एकच. ड्रॉप घेतला, मेडिकलची परीक्षा पुन्हा देणार. शेजारच्या काकू तर शुभेच्छा देऊन गेल्या. यशू त्यांना म्हणाली, "काकू, मी ड्रॉप नाई घेऊन राह्यली. मले काम करायचं हाय." काकूंनी ताईकडे असं पाहिलं, जसं काही पोरीचं डोकं फिरलंय. भाऊजी महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. मी तिला विचारलं होतं, की हे काम कॉलेज करून झाल्यावर नाही का करता येणार? ती म्हणाली, "मावशी, माह्याजवळ नंतर किती हाय, कोणाले माहीत?" तिच्या आवाजात रडगाणं नव्हतं. बसची वेळ सांगावी तसं बोलली. मी तिचं अंथरूण माझ्या खोलीत घातलं.

काम कोणतं, तर लग्न ठरण्याआधी मुलगा आणि मुलगी, दोघांचंही रक्त तपासून घ्या, हे गावोगाव सांगायचं. पहिले दोन महिने पोरगी चुकली. कारंज्याच्या मंडपवाल्याकडे जाऊन ती विचारायची, कुठल्या गावात लग्न निघालंय, आणि एसटीनं तिथे जाऊन थडकायची. मंडप सांगून झालेल्या घरात असलं कुणी ऐकून घेतं का? पत्रिका वाटून झालेल्या, मानपानाचे कपडे आणलेले. एका घरी तर बायकांनी अपशकुन नको म्हणून दार लावून घेतलं. मग तिच्या ध्यानात आलं, की जायचं तर स्थळं येऊ लागण्याआधी, आणि तेही पोरींच्या आयांकडे. हँडपंपावर, रेशनच्या रांगेत. बसून बोलायची, पाणी मागून प्यायची. गोंडांच्या वस्तीतल्या बायका तिच्याशी लवकर मोकळ्या झाल्या, कारण ते दुखणं त्यांच्याही घरात होतं, फक्त त्याला नाव नव्हतं.

एकदा सुट्टीचा दिवस म्हणून मीही सोबत गेले होते. एका लग्नाच्या वयाच्या मुलाचा बाप बाजेवर बसून म्हणाला, "आमच्या पोराले काय धाड भरली? तपासायचं तं पोरीले तपासा." यशू म्हणाली, "काका, एकाचं पाहून समजत नाई. माह्या आईबाबांचं कोणी नाई पाह्यलं. त्याचा रिपोर्ट तुमच्यासमोर बसला हाय." त्या माणसानं आम्हाला उठवलं. परतताना एसटीत तिचे गुडघे सुजले होते. मी चिडून बोलले, तर म्हणाली, "त्याची बायको दारामागून ऐकत होती, मावशी." पुढे त्या पोराची तपासणी झाली की नाही, देव जाणे. त्या वर्षात किती जणांनी तिचं ऐकलं हे मला माहीत नाही आणि तिनंही कधी ते मोजलं नाही. पण त्याच वर्षी तिनं स्वतःच्या भावाचं, निखिलचं रक्त तपासून घेतलं. त्याच्यातही थोडा निघाला, आईबापासारखाच.

प्रवेशाच्या वेळी कॉलेजनं मधल्या वर्षाचं गॅप सर्टिफिकेट मागितलं. तहसीलसमोर टायपिंग करणाऱ्याकडे मजकूर तयारच असतो: सदर काळात मी कोठेही प्रवेश घेतला नाही व घरीच होते. यशू म्हणाली, "काका, मी घरी नोती. काम करत होती." तो म्हणाला, "बाई, काम लिहिलं तं दहा प्रश्न विचारतील. घरीच राहू द्या." तिनं सही केली. आयुष्यातलं सगळ्यात धावपळीचं वर्ष, आणि कागदावर ती घरी बसलेली. मला अजून त्याचा संताप येतो.

यंदाच्या थंडीत छातीत संसर्ग झाला आणि चार दिवसांत ती गेली.

घरात मरण झालं की वर्षाच्या आत कार्य उरकावं, म्हणून गेल्या महिन्यात निखिलसाठी स्थळ पाहायला सुरुवात झाली. मुलीकडचे घर पाहायला आले. बैठकीत यशूचा हार घातलेला फोटो होता. मुलीच्या वडिलांनी चहा घेताना सहज विचारलं, "एवढी तरणी पोरगी... काय झालतं?" ताईनं पदर सावरला. "ताप आलता. डोक्यात गेला." भाऊजींनी मान हलवली. निखिल फरशीकडे पाहत बसला. मला राहवलं नाही. म्हटलं, "सिकलसेल होता तिले. निखिलमध्येबी थोडा हाय. तुमच्या पोरीचं रक्त तपासा अन् मंगच ठरवा." पाहुण्यांनी कप खाली ठेवले. कळवतो म्हणाले आणि कळवलं नाही. ते गेल्यावर ताई म्हणाली, "तुही पोरगी असती तं अशी बोलली असती का?" तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही.

काल वर्ध्याला काम होतं, म्हणून न कळवताच गेले. दार निखिलनं उघडलं. ताई बाजारात गेली होती. बैठकीची भिंत नव्यानं रंगवलेली, त्यावर फोटो नव्हता. मी काही विचारायच्या आत तो मला आतल्या खोलीत घेऊन गेला. फोटो तिथे लावलाय, दार उघडलं की दाराआड जाईल असा. निखिल माझ्याकडे न पाहता म्हणाला, "रविवारी दुसरे पाहुणे येऊन राह्यले, मावशी. आई म्हणे, फोटो दिसला की लोक विचारतात."