साडभाऊंच्या हाती लागलेला मोबाइल

माझ्या साडभाऊंच्या हाती गेलेली वस्तू तिच्या मूळ कामासाठी परत मिळाली, असं सबंध भंडारा जिल्ह्यात एकदाही घडलेलं नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तरुणपणी हातमागावर बसले, माग थांबले तेव्हा लाखनीत घड्याळं आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान कसलं, स्वप्न बघायची जागा! गिऱ्हाईक घड्याळ पुढे करतं आणि हे ते कानाशी धरून डोळे मिटतात. चहा समोर गार होतो, हायवेवरून पन्नास ट्रक निघून जातात, मग हे डोळे उघडून विचारतात, "तुम्ही कवा आले?" आमच्या घरची चाळणी त्यांनी एकदा नेली, ती लाउडस्पीकर होऊन परत आली. बायकोने तिच्यात पीठ चाळायचा प्रयत्न केला, पण तारा आड आल्या.

मी सिहोऱ्याजवळच्या एका खेड्यात मास्तर आहे. चौथीच्या वर्गात वेदिका नावाची मुलगी होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी जाड चष्मा दिला होता, पण त्यातूनही तिला फळा म्हणजे एक काळा ढग दिसायचा. एक दिवस तिचे वडील बांधावरून थेट शाळेत आले, पायांना चिखल तसाच. म्हणाले, "सर, पुढच्या वर्सापासून पोरगी घरीच राहू द्या. फळाच दिसत नाही तिले, त शाळा कोनासाठी?" रविवारी ते साडभाऊंच्या कानावर घातलं.

दुसरा कोणी हळहळला असता. साडभाऊंनी स्वतःच्या चष्म्याला व्हॅसलिन फासलं आणि तोच लावून दिवसभर हिंडले. सकाळी पोस्टमनला सासरे समजून वाकून नमस्कार केला. भाजी समजून लिंबाचं लोणचं वाटीभर खाल्लं. दुपारी भंडाऱ्याला निघाले ते साकोलीला उतरले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज विलक्षण आनंदी होता. "गुरुजी, पोरगी लय हुशार हाय. मी एका दिवसात हरवलो, ते चार वर्सं टिकली!"

पुढच्या आठवड्यात ते पिशवी घेऊन शाळेत हजर. पुठ्ठ्यावर मागाचा दोरा चिकटवून त्यांनी वहीच्या रेघा बोटांना कळतील अशा केल्या होत्या. एका मोडक्या टेबललॅम्पच्या मानेवर मागचं झाकण फुटलेला जुना मोबाइल बसवला होता. त्याचा कॅमेरा फळ्याकडे करायचा आणि पडद्यावर दोन बोटं फाकवून अक्षर हवं तेवढं मोठं करायचं, एवढंच ते यंत्र. मी गणित लिहायला वळलो. पण लॅम्पची मान म्हातारी होती. ती हळूहळू झुकली आणि फळा सोडून माझ्या पोटावर स्थिरावली. वेदिका पडद्यावर नाक टेकवून बसली होती. एकदम ओरडली, "सर, तुमची गुंडी तुटून राहिली!"

वर्ग खदखदून हसला. मी गुंडी धरून उभा. साडभाऊ तेवढे हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि आता तर त्याला व्हॅसलिनही नव्हतं.

लॅम्पच्या मानेत त्यांनी छत्रीची काडी घातली. महिनाभराने वडील पुन्हा आले, तेव्हा वेदिका फळ्यावरून कविता उतरवत होती. ते दारात बराच वेळ उभे राहिले. पाचवीच्या प्रवेशाला काय काय लागतं एवढं विचारलं आणि गेले.

वर्ष संपण्याआधी साडभाऊ पुन्हा येऊन मागच्या बाकावर बसले. भागाकार चालू होता. वेदिकाने मोबाइलची मान हळूच वळवली, फळ्यावरून खिडकीकडे. मी रागावणार, तोच साडभाऊंनी हात वर केला. बाहेर उन्हाळी धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, बगळे उभे होते. या गावातच जन्मलेली ही मुलगी, पण बगळे तिने फक्त ऐकले होते.

"पाय एवढे बारीक असतेत?" तिने कुजबुजत विचारलं.

भागाकार अर्धाच सोडून मी खडू खाली ठेवला. थोड्या वेळाने बगळे उडाले, तरी तिचं नाक पडद्याला टेकलेलंच होतं. तिच्याजवळ जाऊन साडभाऊ हलकेच म्हणाले, "येतीन परत. बांधीत पानी हाय."