कापडाच्या खात्यातले साहेब

माणसाचं भवितव्य त्याच्या कर्तृत्वावर ठरतं, आणि कर्तृत्वाची खरी कसोटी कॉर्पोरेट फायनान्समध्ये लागते तशी क्वचितच कुठे लागते. माझी कसोटी एक उन्हाळाभर चालली. त्या काळात मी लाखांचे मिलियन केले.

हे अलंकारिक बोलणं नाही. एमबीएच्या पहिल्या वर्षानंतर मी सुरतमधल्या एका साड्यांच्या कंपनीत इंटर्नशिप केली. कंपनीचे शेठ लाख-कोटींत विचार करत आणि त्यांनी पुण्याहून आणलेले फायनान्सप्रमुख मिलियनमध्ये. सकाळी मी शेठच्या आकड्यांचे मिलियन करायचो, म्हणजे ते स्लाइडवर शोभून दिसत. संध्याकाळी त्याच स्लाइडचे परत लाख करायचो, म्हणजे शेठना ते समजत. मधल्या वेळात आकडे विश्रांती घेत. या कामाला तिथे फायनान्शियल मॉडेलिंग म्हणत.

ऑफिस पर्वत पाटियाच्या पुढे एका काचेच्या इमारतीत होतं. सुरतच्या उन्हात काचेची इमारत बांधायची आणि मग जन्मभर ती आतून गार करत बसायचं, हा भांडवली खर्चाचा फार चांगला धडा आहे, पण तो आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. तळमजल्यावर साड्यांची पार्सलं बांधली जात आणि तिथे माणसं मोकळेपणाने ओरडत. वरच्या मजल्यावर आमचा विभाग, आणि तिथे सगळे कुजबुजत. प्रमुख ‘कॅश फ्लो’ हे शब्द अशा आवाजात उच्चारत, की जणू शेजारच्या खोलीत त्याचं ऑपरेशन चाललंय.

मला या कुजबुजीची सवय नव्हती. आम्ही सुरतमध्येच, गोडादऱ्यात राहतो. आमचे लोक धुळ्याकडचे, आणि गल्लीतली निम्मी घरं पॉवरलूमवर चालतात. लूमच्या कारखान्याला सुरतमध्ये खातं म्हणतात. आमच्याकडे कुणी ‘खात्यात गेलाय’ असं म्हटलं, तर तो बँकेत गेलाय किंवा सरकारी अधिकारी झालाय असं लहान मूलसुद्धा समजत नाही. तो लूमवर गेलाय. तिथल्या खडखडाटात माणूस एवढा मुरतो की घरी येऊन मीठ मागतानासुद्धा तो पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं मागतो. माझे वडील असेच. त्यांचे कान अर्धे गेले होते आणि उरलेले अर्धे ते स्वतःचं बोलणं ऐकायला वापरत.

इंटर्नशिप संपल्यावर कंपनी एका मुलाला कायम करणार होती. मी झालो नाही तर काय, तेही ठरलं होतं. वडिलांच्या खात्याच्या मालकाने मला मेहताजीच्या स्टुलावर बसवायचं कबूल केलं होतं. मेहताजी म्हणजे आलेला धागा आणि गेलेलं कापड लिहून ठेवणारा माणूस. काम वाईट नाही, पण ते लूमांच्या मधोमध बसून करायचं असतं. वडिलांना ते नको होतं. माझे कान शाबूत राहावेत, एवढीच माझ्याबाबतीत त्यांची महत्त्वाकांक्षा होती. एमबीए हा त्यांच्या दृष्टीने कानांचा विमा होता.

तर पहिल्या दिवशी प्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांना परदेशात गाववाला भेटल्यासारखं झालं. माझं बोलणं ऐकून ‘तुमच्या खानदेशातली मराठी किती गोड असते’ असंही ते म्हणाले, ज्याचा अर्थ ती चुकीची असते असा होतो. मग त्यांनी विचारलं, ‘वडील काय करतात?’

‘खात्यात आहेत, सर.’

‘कोणत्या?’

‘कापडाच्या.’

‘अरे वा. हाताखाली किती?’

‘बारा.’

कापडाच्या खात्यात असलेल्या माणसाला हाताखाली किती म्हणून विचारलं, तर ते लूमच विचारतात. वडील बारा लूम सांभाळायचे. साड्या विकणाऱ्या कंपनीचा फायनान्सप्रमुख, ज्याच्या प्रत्येक स्लाइडवर कापड हा शब्द निदान इंग्रजीत तरी येतो, त्याला सुरतमध्ये खातं कशाला म्हणतात हे माहीत नसेल, अशी शंका येण्याएवढा मी तेव्हा शिकलेला नव्हतो. ते खुर्चीत जरा सरळ बसले एवढं मात्र मला दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून माझं बरं चालू लागलं. माझ्याबरोबरच्या दुसऱ्या इंटर्नला कागदी कपात चहा यायचा, मला बशीसकट कप येऊ लागला. मला मान टेकवता येणारी खुर्ची मिळाली. मीटिंगमध्ये प्रमुख अधूनमधून माझ्याकडे वळून ‘तुझं काय मत?’ असं विचारत आणि मी काही बोलायच्या आत ‘करेक्ट’ म्हणत. मला वाटलं, माझे मिलियन त्यांना आवडले असावेत. माणूस स्वतःच्या बढतीचं कारण शोधताना फारसा संशयी नसतो.

उलगडा महिनाभराने झाला. कंपनीने नव्या यंत्रांसाठी सरकारी सवलत मागितली होती आणि ती फाईल सरकारच्या वस्त्रोद्योग खात्यात कुणाच्या तरी टेबलावर निजली होती. प्रमुखांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि नेहमीच्या ऑपरेशनच्या आवाजात म्हणाले, ‘बाबांच्या कानावर घालशील का जरा?’

मला क्षणभर वाटलं ते वडिलांच्या बहिरेपणाबद्दल बोलतायत. मग सगळं एकदम लक्षात आलं. मी तिथल्या तिथे सांगितलं, की सर, माझे वडील साहेब नाहीत, साधे कामगार आहेत.

ते कौतुकाने हसले. ‘अरे, खरा अधिकारी असंच सांगतो. आपण सगळे जनतेचे कामगार. हे संस्कार हल्ली दिसत नाहीत.’

मी म्हटलं, ते खरंच मशीन चालवतात. त्यावर त्यांनी डोळे मिटून मान डोलवली आणि म्हणाले, सरकारी यंत्रणा कुणीतरी चालवावीच लागते. मोठ्या पगाराच्या माणसाची समजूत मोडायला फक्त खरं बोलून भागत नाही, त्यासाठी त्याच्याहून मोठ्या पगाराचा माणूस लागतो. शेवटी त्यांनी हुकूमच सोडला: वडिलांना एकदा ऑफिसात घेऊन ये, नुसता चहा घेऊ. आणि दारापर्यंत येऊन, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘तुझ्या जागेचं मी बघतोच आहे.’

घरी हे सांगितल्यावर वडिलांनी गल्लीला ऐकू जाईल असं अहिराणीत विचारलं, ‘तुना साहेबनं मनाकडे काय काम शे?’ मी सांगितलं की त्यांचा काहीतरी गैरसमज झालाय, तुम्ही कोण आहात ते तुम्हीच त्यांना सांगा. आईचं म्हणणं पडलं की साहेबाने बोलावलंय म्हणजे पोराची जागा पक्की करायलाच बोलावलं असणार, आणि तिने लग्नातला सफारी बाहेर काढला. हा सफारी पुढे फार महागात पडला. त्यात वडील हुबेहूब उपसचिव दिसत.

वडिलांना रातपाळी होती, म्हणून ते दुपारी आले. प्रमुख दारापर्यंत सामोरे गेले आणि म्हणाले, ‘या साहेब.’ वडिलांनी मागे वळून कोण साहेब आलाय ते पाहिलं. मग बसले. काजू आले.

‘तुमच्या खात्यात आमचं थोडं अडकलंय,’ प्रमुख कुजबुजले.

वडिलांनी कानामागे हात धरला. प्रमुखांना एवढं मोठ्याने बोलायची सवय नव्हती, पण त्यांनी ते वाक्य परत म्हटलं.

‘आमच्या खात्यात सध्या सगळंच अडकेल आहे,’ वडील म्हणाले, आणि मजल्यावरच्या सगळ्या माना आमच्या केबिनकडे वळल्या. ‘बीमच येत नाहीत तर काय करता?’

बीम म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ. तो आला नाही तर लूम उभी राहते. प्रमुखांनी सहानुभूतीने मान हलवली. ‘खरंय. टीमच नसेल तर चांगला अधिकारी तरी काय करणार. वरून दबाव असेल?’

‘दबाव कुठला? दिवसातून एक चक्कर मारतो, शिव्या देतो, निघून जातो.’

प्रमुखांनी दाराकडे पाहिलं. ‘कोण, सचिव?’

‘शेठ.’

‘शेठ म्हणजे...’ प्रमुखांचा आवाज आता नुसता श्वास राहिला होता, ‘मंत्री?’

मी मध्ये बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला हाताने थांबवलं. राज्यकारभाराच्या इतक्या आतल्या गोष्टीत इंटर्नने बोलू नये. वडिलांना तो शेवटचा शब्द ऐकू आलाच नव्हता. ते काजू खात होते. एवढ्यात आमचे शेठ आत आले. त्यांची केबिन मजल्याच्या दुसऱ्या टोकाला होती, पण वडिलांचा आवाज तिथे व्यवस्थित पोचला होता, आणि हा आवाज कुठे तयार होतो हे सुरतच्या माणसाला सांगावं लागत नाही.

‘कयुं खातुं?’ शेठनी विचारलं. कोणतं खातं?

वडील उठून उभे राहिले आणि सांगितलं, गोडादऱ्यात, टाकीच्या मागचं.

‘एना शेठने तो हुं ओळखुं छुं,’ शेठ खूश होऊन म्हणाले. तिथल्या मालकाला ते ओळखत होते. मग किती लूम, बारा एकट्याने म्हणजे जास्त नाही का, बीमची तंगी तिथेही आहे का, असं दोघांचं जोरजोरात चाललं. शेठनी स्वतः दोन काजू घेतले, वडिलांना आणखी घ्यायला लावले आणि निघून गेले. वडील इथे कशासाठी आलेत हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना त्यात विचित्र काही वाटलं नव्हतं.

प्रमुख काजूच्या बशीकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखादा खर्च मिलियनमध्ये न जाता बोचत असावा. मग ते मला म्हणाले, ‘तू मला सांगायला हवं होतंस.’

‘सांगितलं होतं, सर.’

‘स्पष्ट सांगायला हवं होतं. कम्युनिकेशन हाच तुझा प्रॉब्लेम आहे.’

वडिलांना यातलं काहीच ऐकू आलं नाही. खाली उतरताना लिफ्टमध्ये ते समाधानात होते. साहेब चांगला माणूस आहे, म्हणाले, स्वतः दारापर्यंत आला, मोठा शेठही आपलाच निघाला, आता तुझं नक्की. मी हो म्हटलं. लिफ्टमध्ये आणखी माणसं होती आणि नाही म्हणायचं तर ओरडून म्हणावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी चहा कागदी कपात आला. खुर्ची मात्र राहिली. ती बदलायची तर अॅडमिनला कारण लिहून द्यावं लागतं, आणि कारण काय लिहावं हे कुणाला ठरवता आलं नसावं. उरलेले आठवडे मी लाखांचे मिलियन करत राहिलो आणि मीटिंगमध्ये माझं मत कुणी विचारलं नाही. ते पूर्वीही कुणी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे कंपनीच्या धोरणात फरक पडला नाही. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. त्यात माझी मेहनत, सचोटी आणि आकड्यांवरची पकड यांची तारीफ होती आणि संवादकौशल्यात सुधारणेला वाव आहे असं होतं. जागेबद्दल प्रमुख म्हणाले की मार्केट सध्या सावध आहे, या वर्षी कुणालाच घेणार नाहीत.

वडिलांना मी तेवढंच सांगितलं, मार्केट सावध आहे. त्यांनी मान हलवली. मंदी म्हणजे काय हे त्यांना समजत होतं. कॉलेजच्या वेळेनंतर मी स्टुलावर बसायला लागलो, तेव्हा त्यांनी मला कापसाचे दोन बोळे आणून दिले आणि पोरगा कानात नीट घालतोय की नाही ते उभं राहून पाहिलं.

दिवाळीनंतर कंपनीने त्या जागेवर एक मुलगा घेतला. त्याचे मामा खरोखरच सरकारी खात्यात आहेत. पशुसंवर्धन.