काचेच्या पट्टीवरची तारीख

जूनचा दुसरा शनिवार. तपासणीची फी पंधराशे रुपये, रोख. हजर तिघं — मी, खोल्यांचे मालक अण्णा आणि त्या खोलीत राहणारी सुमन. एवढं माझ्या वहीत आहे, आणि चार मापं. बाकीचं वहीत नाही, आणि ते आठ वर्षं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी बायकोलाही नाही.

मी आर्किटेक्ट. निगडीला प्राधिकरणात घर, आणि गच्चीवरच्या खोलीत दर रविवारी सकाळी चित्रं काढतो. अमूर्त. रंग ब्रशने नाही, गिलाव्याच्या थापीने लावतो. सरळ रेघ हवी असेल तर गेरूत बुडवलेली दोरी ताणून सोडतो, गवंडी भिंतीवर सोडतात तशी. लोक विचारतात — हे राखाडी थर, त्यातून वर चढत जाणारी ही एकच वाकडी रेघ, कुठून येतं हे? मी म्हणतो, धंद्यातून. खोटं नाही ते. पण पुरतं खरं तरी आहे का?

कुरुळीत अण्णांनी कंपनीतल्या कामगारांसाठी खोल्या बांधल्या होत्या. पाया तळमजल्यापुरताच. वरचा मजला चढवला तेव्हा, पाया पेलेल म्हणून, सही माझी होती. दोन वर्षांनी सुमनच्या भिंतीला तिरपी भेग गेली. अशा वेळी आमच्यात एक साधी रीत आहे — भेगेवर आडवी, काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवायची आणि तिच्यावर तारीख घालायची. भिंत फाकत असेल तर काच तडकते. काच शाबूत, तोवर घर शाबूत. जूनच्या त्या शनिवारी मी ती लावली. मग दर महिना-दीड महिन्याला जायचो, भेगेची लांबी मोजायचो. ४१०, ४२५, ४६०, ५०५ मिलिमीटर. लांबी वाढत होती, पण काच टिकून होती — म्हणून मीही गप्प.

सुमन लातूरकडची. दसऱ्याला तिने घरातल्या सुरी-कात्रीबरोबर त्या काचेलाही हळदकुंकू लावलं. "घर राखायलीय की ओ सर ती," म्हणाली.

दिवाळीनंतर गेलो तर काच मधोमध तडकलेली. सुमन आणि तिचा नवरा दोघंही कामावर. अण्णांनी आपल्याकडच्या किल्लीने कुलूप काढलं होतं. खोली रिकामी करा, मी म्हटलं. अण्णा हसले.

"काच फुटली म्हून घर पडतं व्हय, सायेब? आमच्या मंडळींनी दिवाळीत तीन बरण्या फोडल्या. घर हाय की जाग्यावर!" मग आवाज उतरवून — "आन् वरच्या मजल्यावर सही कुणाची हाय?"

मी गाडीतून दुसरी पट्टी आणली. जुनी खरवडून काढली, नवी चिकटवली. आणि तिच्यावर — जूनचीच तारीख घातली. अक्षरसुद्धा तसंच काढलं.

पुढच्या खेपेला सुमन घरी होती. काचेकडे बघत राहिली. "हिला मी कुंकू लावलं होतं." पुसलं गेलं असेल, मी म्हटलं. मग तिने विचारलं — सासूबाई गावाहून येणारेत, त्यांचा दिवाण ह्या भिंतीला लावू का? उत्तर द्यायला मला वेळ होता. भरपूर होता. मी म्हटलं, लावा. त्या दिवशी मी टेप बाहेरच काढला नाही. नंतर त्या खोलीत कधीच नाही.

संक्रांतीच्या आठवड्यात, दुपारी, भिंतीचा वरचा भाग दिवाणावर आला. सासूबाईंचा खुबा मोडला. अण्णांनी रस्त्यावरच्या ट्रेलरच्या हादऱ्यांना दोष दिला. अंगणात माणसं जमलेली, आणि सुमनचा नवरा तिला विचारत होता — दिवाण तिथं लावायची अक्कल कुणाची? ती माझ्याकडे वळली.

"सर, तुम्हीच म्हणलाव ना, लावा म्हणून?"

मी म्हणालो, "दिवाणाचं माझ्याशी काही बोलणं झालं नव्हतं."

हेच ते. काच नाही — हे वाक्य.

त्याला आठ वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात प्रदर्शनासाठी सहा चित्रं बांधत होतो. खोकी किती मोठी लागतील म्हणून मापं घेतली आणि सवयीने रेघाही मोजल्या. पहिल्या चित्रातली ४१०. दुसऱ्यातली ४२५. मी वही आणली. ४६०. ५०५. काढताना मी एकही माप घेतलं नव्हतं. पाचव्यातली ५९०, सहाव्यातली ७३५ — आणि वहीत पाचवी नोंदच नाही. मग हे आकडे घेतले कुणी? पडताळायला भिंत उरलेली नाही. पुढच्या रविवारी सहावं चित्र पुन्हा मोजलं. ७४२. वाळलेला रंग आकसतो. वाढत नाही. टेप तीनदा लावला. तिसऱ्यांदा वाकलो तेव्हा कॅनव्हासमधून टक् असा बारीक आवाज आला. काच तडकल्यासारखा.

पहिलं चित्र साठ हजारांना विकलं गेलं. ते पैसे घेऊन मी भोसरीला गेलो. सुमन आता तिथं राहते. सासूबाई दोन वर्षं अंथरुणावर काढून गेल्या. दारातच उभं राहून मी बोलायला लागलो — नवी काच, जुनी तारीख, "लावा" म्हणालो ते. तिने हात वर करून मला थांबवलं आणि आत हाक मारली.

"ओ, भायेर या. साहेब काय म्हणायलेत, ऐका."

नवरा आला. मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, अंगणातल्या त्या वाक्यासकट. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. बायकोकडे बघत होता.

"आठ वर्षं ह्या घरात खोटारडी म्हणून राहिले मी," ती म्हणाली. त्याला, मला नाही.

मी पाकीट पुढे केलं. तिने ते उघडलं. खुब्याच्या ऑपरेशनचं बिल अडतीस हजार चारशे झालं होतं, आकडा तिला तोंडपाठ होता. तेवढे मोजून घेतले, आणि उरलेले एकवीस हजार सहाशे माझ्या हातात परत ठेवले.