शेजारच्या घराचं नेट

तात्या कुणाच्याही घरी गेले, की आधी भिंतीवरच्या नेटच्या डबीकडं बघायचे आणि मग माणसांकडं. चहा येईपर्यंत चौकशी सुरू. कोणत्या कंपनीचं आहे, दिवसातून किती वेळा जातं, तक्रार केल्यावर माणूस येतो की फोनवर नुसतं ‘हाव हाव’ म्हणतो. समोरच्याला वाटायचं, म्हाताऱ्याला एजन्सीच घ्यायची दिसते.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. रेल्वेतून निवृत्त झाले होते, काकू गेल्यापासून नांदेडला एकटेच राहायचे. उभा जन्म रेल्वेत गेला, तरी स्वतःची गाडी दहाची असली की हे आठलाच फलाटावर हजर. वर, गाडी निघून तर गेली नाही ना, हे दोघातिघांना विचारायचे. अशा जिवाला घोर लावून घेणाऱ्या माणसाच्या पदरात मी पडले. मला घरी बसून करायची नोकरी लागली होती, ग्राहकांशी व्हिडिओवर बोलायची. पहिले काही महिने कच्चे, नंतर मुलाखत घेऊन कायम करणार. चाकूरला आमच्या मळ्यातल्या घरी साधा फोन लागायची मारामार. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्पष्ट सांगितलं होतं की तात्यांकडं राहून जमलं तर कर, नाहीतर घरी ये, स्थळं बघायला घेतो. तात्यांनी भावाला शब्द दिला, की पोरीची नोकरी माझ्या घरातून जाणार नाही. शब्द देऊन बसले आणि मग त्यांचं जेवणातलं लक्षच उडालं.

“सोयरीक करायच्या आधी चार घरी विचारावं लागतं बाई,” ते म्हणायचे. खरोखर स्थळ बघावं तसंच त्यांनी नेट बघितलं. बिनतारी डबा सकाळी झकास चालायचा, पण संध्याकाळी पोरं शाळा-कॉलेजातून आली की मान टाकायचा. मोठ्या कंपनीचं फायबर वेगवान, पण ते आमच्या गल्लीत आलंच नाही, असं सगळे सांगत. राहिला केबलवाला. त्याचा वेग कागदावर एक आणि घरात निम्मा. पिक्चर छान दिसायचा, पण माझा चेहरा पलीकडं जाताना अडखळायचा. तात्यांनी त्याला दारात उभं करून विचारलं, “येतंय ते ठीक हाय. इथून जातंय किती ते सांग.” त्यानं जास्तीचा वेग चढवून दिला आणि काम भागलं. तरी माझा कॉल सुरू झाला की तात्या पंखासुद्धा लावायचे नाहीत. पंख्याचा आणि नेटचा काही संबंध नसतो तात्या, म्हटलं तर म्हणायचे, नसंल, पण कामून परीक्षा बघायची?

एवढी गल्ली पालथी घातली, पण एक घर त्यांनी सोडलं. भिंतीला भिंत लागून असलेलं बापूकाकांचं. बापूकाका तात्यांचे चुलतभाऊ. त्यांच्या मुलीच्या लग्नात मांडवात टॉवेल-टोपीचा मान चालला होता, नावं पुकारली जात होती, आणि तात्यांचं नाव राहून गेलं. तात्या ताटावरून उठले ते उठलेच. तेव्हापासून अबोला. बापूकाका ओट्यावर दिसले की तात्या आत यायचे. त्यांचा विषय मी काढला की म्हणायचे, त्या घरचं मला काई विचारू नको.

माझ्या मुलाखतीच्या दिवशी सकाळीच अर्धापूरहून केळी भरून आलेला ट्रक कोपऱ्यावर वळला आणि त्यानं वरची तार ओढून नेली. डबीवर लाल दिवा लागला. मोबाइलवरून करून पाहिलं, चित्र गोठायला लागलं. केबलवाला म्हणाला, संध्याकाळशिवाय होत नाही. आणि वर हेही म्हणाला, की तुमच्या शेजारी बापूरावांकडं फायबर आहे की, मागच्या गल्लीतून घेतलंय त्यांनी.

जाऊ का, असं विचारायचीही माझी छाती नव्हती. तात्या पलंगावर बसून राहिले. तळहात एकमेकांवर घासत होते. मग उठले, टोपी घातली, माझा लॅपटॉप दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि चालायला लागले. मी मागं. बापूकाकांनी दार उघडलं. तात्यांनी त्यांच्या तोंडाकडं बघितलंच नाही.

“बापू, पोरीला घंटाभर बसू दे. मी भाईर थांबतो.”

बापूकाका बाजूला झाले. मी आत बसले, मुलाखत सुरू झाली. खिडकीतून तात्या दिसत होते, उन्हात, फाटकाला धरून. साहेब काय विचारत होते आणि मी काय सांगत होते, देव जाणे. मध्येच बापूकाका दोन खुर्च्या घेऊन बाहेर गेले. एक तात्यांच्या मागं ठेवली, एकीवर स्वतः बसले. बऱ्याच वेळानं तात्याही बसले. मला कायम केलं, असं मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा तात्यांना रडू फुटलं आणि बापूकाकांनी खांद्यावरचा टॉवेल त्यांच्यापुढं केला. तात्यांनी तो घेतला.

त्यानंतर दोघांचं फार बोलणं झालं असं नाही. पण संध्याकाळी तात्या ओट्यावरून उठून आत यायचे बंद झाले. गेल्या वर्षी ते गेले. साधा ताप आला आणि चार दिवसांत माणूस नाही. दहाव्याला नदीवरून परत येताना बापूकाका माझ्याशेजारी ऑटोत बसले होते. गल्ली आली तेव्हा म्हणाले,

“त्या दिवशी तात्या तुझ्यासाठी आला होता बाई, माझ्यासाठी न्हाई. पण आला होता.”